लांडगीला भूक का लागत नाही?

प्राण्याच्या तोंडून सांगितलेली कादंबरी हाती घेताना आपली अपेक्षा साधीच असते. माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही, माणसाच्या नाकाला जे कळत नाही, ते आता कळणार. गेल्या वर्षी याच अपेक्षेने मी एक जाडजूड इंग्रजी फॅण्टसी कादंबरी घेतली. सोलापुरात एका वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर आम्ही पुस्तकं वाचतो, त्या मुलांसाठी. निवेदन एका तरुण लांडगीचं. बर्फाळ प्रदेश, आटत चाललेली जादू, गादीसाठी भांडणारी राजघराणी आणि मलपृष्ठावर भरपूर कौतुक. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण मला एकाच पुस्तकाचा पंचनामा करायचा नाही. याच साच्यातली पुस्तकं दुकानांत बरीच आहेत, महाग आहेत, आणि पालक, शिक्षक, ग्रंथपाल ती मोठ्या हौसेने मुलांसाठी घेतात.

पहिलं प्रकरण सुरेख होतं. ओल्या मातीचा वास, बर्फाखाली पळणाऱ्या उंदराची खसखस, आईने ओकून भरवलेलं कोमट मांस. मुलं गप्प बसून ऐकत होती. तिसऱ्या प्रकरणापासून हे सगळं गळून पडलं. लांडगी टेकडीवर उभी राहून राजघराण्यांचा इतिहास सांगू लागली. कोणत्या तहात कुठला प्रांत कुणाकडे गेला, कोणता मंत्री आतून फितूर आहे, सगळं तिला ठाऊक. तिला हे कळलं कुठून, याचा पत्ता नाही. पुढे हिरव्या दरीपलीकडचे लाल ध्वज पाहून तिने शत्रूचं सैन्य ओळखलं, तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्यांना वेगळा कळतो, लाल आणि हिरव्यात मात्र गोंधळ होतो. नाकाची गोष्ट नेमकी उलटी. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. हजारो माणसं, घोडे, तेल लावलेलं चामडं, चुलीवर शिजणारं अन्न असा सगळा जमाव दरीत उतरलाय आणि वारा तिच्याकडे वाहतोय, तर ते सैन्य दिसायच्या कितीतरी आधी तिला कळायला हवं होतं. लेखकाच्या हाताशी एवढं मोठं साधन होतं आणि ते त्याने वापरलंच नाही. मला याचं खरोखर वाईट वाटलं.

आमच्यातली एक मुलगी नान्नजच्या बाजूची आहे. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळरानावर आजही लांडगे आहेत. तिचे आजोबा मेंढरं राखतात, त्यामुळे त्यांच्या घरी लांडगा हा रोजच्या बोलण्यातला विषय. तिने विचारलं, "मॅडम, ही खाते कधी? हिला भूक का लागत नाही?" आम्ही मागे जाऊन पानं चाळली. कादंबरीच्या अख्ख्या मधल्या भागात लांडगीने काही खाल्लेलंच नव्हतं. ती पळाली, लपली, दुःखी झाली, राजपुत्राच्या प्रेमाबद्दल विचार करत बसली, पण शिकारीला गेली नाही. मुलगी म्हणाली, "आजोबा म्हणतात, लांडगा आधी वारं बघतो, मग मेंढरं बघतो." तिच्या या एका वाक्यात त्या जाड पुस्तकापेक्षा जास्त लांडगा होता.

शेवटी लांडगी शापित राजकन्या निघाली. एका मुलाने लगेच पुस्तकाची बाजू घेतली. म्हणाला, मुळात ती माणूसच, मग तिला तह आणि मंत्री ठाऊक असणारच. मुद्दा बिनतोड वाटतो, आणि मी त्यावर बराच विचार केला. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. माणसाचं मन लांडग्याच्या शरीरात अडकलं असेल, तर त्याला पदोपदी धक्के बसायला हवेत. कालपर्यंत लाल दिसणारा शेला आज मळकट पिवळा का दिसतो? आईला चेहऱ्याच्या आधी वासावरून ओळखावं लागतं, हे कसं सहन करायचं? कच्च्या मांसाची शिसारी येते आणि भूकही लागते, तेव्हा काय करायचं? यातलं काहीच तिथे नव्हतं. शाप शेवटच्या प्रकरणात उघड झाला, पण आधीच्या पानांवर तो कुठे भोगलेला दिसला नाही. मुलांना न्याय कळतो. तो मुलगाही पुढच्या वेळी म्हणाला, "राजकन्या केलं म्हणजे सगळं माफ, असं झालं."

माझं म्हणणं एवढंच आहे. लेखकाने प्राण्याला बोलतं केलं, की त्या प्राण्याचं शरीर आणि त्याचं अज्ञान या दोन्हींनी कथेत राबलं पाहिजे. नाहीतर माणसालाच बोलू द्यावं.

हे जमतं, आणि फार पूर्वीपासून जमत आलेलं आहे. ॲना स्यूएलचं 'ब्लॅक ब्यूटी' १८७७ सालचं. तिथला घोडा वादळी रात्री एका पुलापाशी थबकतो आणि चाबूक बसला तरी पुढे पाऊल टाकत नाही. पायाखाली काहीतरी बिघडलंय एवढंच त्याला जाणवतं; पूल मध्ये तुटलाय हे त्याला ठाऊक नाही, त्याच्या मालकालाही नाही. प्रसंगाचा सगळा ताण त्या न कळण्यातून येतो. घोड्याची मान ऐटीत वर राहावी म्हणून तेव्हा श्रीमंतांच्या बग्ग्यांना एक आखूड लगाम लावत.  चढावर मान खाली घालता येत नाही आणि श्वास कोंडतो, हे घोडा स्वतः सांगतो. त्या लगामाविरुद्धच्या चळवळीला या पुस्तकाने बळ मिळालं.

कॅथरीन ॲपलगेट यांच्या 'द वन अँड ओन्ली आयव्हन'मध्ये गोरिला बोलतो तो वाचकाशी. माणसांशी त्याला बोलता येत नाही, आणि या अडचणीवरच अख्खं कथानक उभं आहे. हत्तीच्या पिल्लाला सोडवायचं तर आहे, पण सांगणार कसं? म्हणून तो चित्रं काढतो. खरा आयव्हन अमेरिकेत टाकोमा शहरातल्या एका बाजारसंकुलात २७ वर्षं बंदिस्त राहिला होता आणि १९९४ साली अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात गेला. कादंबरीला २०१३ चं न्यूबेरी पदक मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, हेच पदक आपल्याकडच्या धनगोपाल मुखर्जींना 'गे-नेक' या कबुतराच्या कथेसाठी मिळालं होतं. तिथे बरंचसं निवेदन मुलाचं आहे. मुलगा जिथे पोचू शकत नाही, तिथे कबुतर स्वतः बोलू लागतं. प्राण्याला कधी बोलू द्यायचं, याचा एवढा चोख हिशेब मी क्वचितच पाहिला आहे.

रिचर्ड ॲडम्सच्या 'वॉटरशिप डाउन'मध्ये निवेदन सशाचं नाही, तरीही तिथले ससे चारपर्यंतच मोजू शकतात आणि त्यापुढचं सगळं त्यांच्यासाठी 'पुष्कळ'. अशा एका मर्यादेने जग खरं होतं. अपवाद म्हणाल तर नात्सुमे सोसेकींचं मांजर. १९०५-०६ मध्ये लिहिलेल्या त्या जपानी कादंबरीतल्या बिननावाच्या मांजराला माणसांबद्दल भलतंच ठाऊक असतं. पण तिथे माणसांचा उपहास हाच हेतू आहे आणि पुस्तक तो पहिल्या पानापासून लपवत नाही.

तेव्हा पुस्तक घेण्याआधी काय कराल? पहिलं प्रकरण वाचून ठरवू नका. तेच सर्वांत जास्त घासलेलं असतं, आणि ऑनलाइन दुकानांत नमुना म्हणून बहुधा सुरुवातीचीच पानं वाचायला मिळतात. दुकानात जा, पुस्तक प्लॅस्टिकमध्ये असेल तर उघडून मागा, आणि मधलं एखादं गर्दीचं दृश्य काढा: दरबार, लढाई, बाजार. प्राणी माणसांना तिथे कसा ओळखतो ते बघा. पदव्या आणि पोशाखांवरून ओळखत असेल तर सावध व्हा. पावलांचा आवाज, घामाचा वास, हाताची सवय यांतलं काही सापडलं तर आशा आहे. मग एक पान असं शोधा जिथे प्राण्याला काहीतरी समजत नाही. असं पान सापडलंच नाही तर मी पुस्तक परत ठेवते. शेवटची पाच-सहा पानंही मी आता विकत घेण्याआधी बघते. रहस्य फुटेल याची मोठ्यांनी काळजी करू नये, वाचायचं मुलांना आहे. निर्णायक क्षणी प्राणी स्वतःच्या अंगच्या गुणाने काही करतो, की राजपुत्राचा पराक्रम बघत उभा राहतो, हे तिथे कळतं.

मुखपृष्ठावरच्या वयोगटाला फार मान देऊ नका. इंग्रजी प्रकाशक साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी 'यंग ॲडल्ट' हा शिक्का वापरतात. आयव्हनसारखी पुस्तकं त्याखालच्या, आठ ते बाराच्या फळीत ठेवलेली असतात. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला ती बालिश वाटतील असं अजिबात नाही. उलट मराठी माध्यमातल्या मुलाला शे-दीडशे काल्पनिक नावं आणि नकाशे असलेल्या चारशे पानांशी झुंजायला लावलं, की ते मूल स्वतःच्या इंग्रजीला दोष देतं. पुस्तक फसलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मधेच सोडायला परवानगी द्या. आणि का आवडलं नाही हे त्यांच्याच तोंडून ऐका. नान्नजच्या मुलीचा प्रश्न एकाही कौतुकाच्या परीक्षणात मला भेटला नव्हता.

आठवीसाठी आयव्हनपासून सुरुवात करा: वाक्यं छोटी आहेत आणि प्रकरणंही. नववीला 'ब्लॅक ब्यूटी' चालेल, संक्षिप्त आवृत्ती टाळून. दहावीसाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' घ्या. वानरांच्या टोळीवर ताबा कुणाचा, या संघर्षाची ही छोटी कादंबरी. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिचं निवेदन वानराचं नाही, पण प्राणी बारकाईने पाहणं म्हणजे काय, हे तिच्यातून कळतं. वाचून झाल्यावर तिच्यातला एखादा प्रसंग मुलांना वानराच्या तोंडून लिहायला सांगा. आमच्याकडे पहिल्या खेपेला बहुतेकांच्या वानराला वार, तारीख आणि गावाचं नाव ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते स्वतःहून खोडलं.