यार्कोनच्या काठाने सायकलवरून



गेल्या हिवाळ्यात एका लग्नात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "सिस्टर, गुडघे दुखतात, चालवत नाही. मग व्यायाम करायचा तरी कसा?" तिघेही सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना म्हटले, "सायकल चालवा." तिघेही हसले. एका बाईंनी तर माझ्या तोंडाकडे पाहून विचारले, "या वयात?" म्हणून या वेळच्या लेखात मी या वसंतात काय केले ते सांगते, आणि त्यातून शिकण्यासारखे काय आहे तेही सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीही लपवणार नाही.

मी ७४ वर्षांची आहे. सायकल शिकले ती अलिबागजवळच्या आमच्या गावी, तासाला चार आणे भाड्याच्या सायकलीवर. पुढे मुंबईत नर्सिंग झाले, लग्न झाले, इथे आलो, मुले, ड्यूट्या. सायकल सुटली ती पन्नास वर्षे. चार वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची झीज झाल्याचे निघाले. चालणे कमी झाले, वजन वाढले, वजन वाढले म्हणून गुडघा आणखी दुखू लागला. हे चक्र मी वॉर्डात शेकडो बायकांमध्ये पाहिले होते. स्वतःवर आले तेव्हा मात्र मीही खुर्चीत बसून राहिले.

कुपत खोलीममधल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला खडसावले. ती म्हणाली, चालताना प्रत्येक पावलाला शरीराचे सारे वजन गुडघ्यावर येते. सायकलवर ते वजन सीट उचलते. गुडघा नुसता फिरतो, मांडीचे स्नायू बळकट होतात, आणि तेच स्नायू पुढे गुडघ्याला आधार देतात. तिने मला आधी सहा आठवडे एका जागी उभ्या असलेल्या सायकलीवर बसवले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग सात, मग दहा. सहा आठवड्यांनी मी वीस मिनिटे न थांबता पायडल मारू लागले. तेव्हाच नातवाने बिनदांडीची, खाली वाकलेल्या चौकटीची सायकल आणून दिली.

मग आम्ही ठरवले की यार्कोन नदीच्या काठाने जायचे. आम्ही म्हणजे मी, माझे धाकटे दीर आणि जाऊबाई. यार्कोन सुमारे २७-२८ किलोमीटर लांब आहे. रोश हाआयिनजवळ तेल अफेकच्या झऱ्यांतून ती निघते आणि तेल अवीवला समुद्राला मिळते. एका दमात एवढे जाणे आमच्या वयाचे काम नव्हे. म्हणून तीन शुक्रवारी तीन तुकडे करायचे, सकाळी सातला निघायचे आणि दहाच्या आत घरी, असे ठरले. पुतण्या गाडीतून सायकली आणि आम्हाला पोचवणार होता.

पहिला शुक्रवार: समुद्रापासून सात चक्क्यांपर्यंत

रेडिंगच्या वीजघराजवळून निघालो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी. यार्कोन पार्क १९७३ साली सुरू झाले. रस्ता सपाट आहे, निलगिरीची सावली आहे, आणि सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट आखलेली आहे. नवख्या म्हाताऱ्याने सुरुवात करावी ती इथूनच. शेवा तहानोत, म्हणजे सात चक्क्या, इथे पूर्वी पाण्यावर पीठ दळत. समुद्राचे खारे पाणी नदीत इथपर्यंत आत येते. बांधाच्या वर मात्र नदी वेगळी.

पाण्यावर काळा-पांढरा खंड्या घिरट्या घालताना दिसला. गवतात साळुंक्या तर जिकडे तिकडे. या साळुंक्या मूळच्या आपल्याकडच्याच, भारतातल्या. पिंजऱ्यांतून सुटल्या आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या देशभर पसरल्या. जाऊबाई म्हणाल्या, "यांनी उल्पानसुद्धा केला नाही, तरी बघा कशा स्थिरावल्या!"

पहिल्याच दिवशी मी एक धडा घेतला. वळणावर समोरून एक मुलगा वेगाने आला आणि माझे हँडल आपोआप डावीकडे वळले. थोडक्यात टक्कर चुकली. आपण कोकणात आणि मुंबईत डाव्या बाजूने सायकल चालवायला शिकलो. इथे सगळे उजव्या बाजूने जातात. पायी चालताना हे आपल्या अंगवळणी पडलेले असते, पण सायकलवर बसले की बाराव्या वर्षीची सवय जागी होते. ब्रेकचेही तसेच. भारतात बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, इकडे बहुधा डाव्या हाताचा. पुढचा ब्रेक एकटाच जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून बसण्याआधी सायकल हाताने ढकलत एक-एक ब्रेक दाबून पाहा, आणि चालवताना दोन्ही ब्रेक हळू, एकदम दाबा.

दुसरा शुक्रवार: मधला भाग आणि माझी चूक

सात चक्क्यांच्या पुढे शहर मागे पडते. काही ठिकाणी वाट मातीची होते, पावसानंतर चिखल असतो. नदीचा हा मधला भाग सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्दैवी. १९५५ साली झऱ्यांचे पाणी मोठ्या पाइपातून नेगेवकडे नेले. बेर्शेबा आणि दिमोनाकडे राहायला गेलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांना नेगेवचे पाणी ठाऊक आहे. तिकडे मळे पिकले, इकडे नदीत सांडपाणी राहिले. १९९७च्या जुलैत मक्काबियाच्या उद्घाटनाच्या वेळी इथला पादचारी पूल कोसळला आणि चार ऑस्ट्रेलियन खेळाडू गेले. त्यांतला एक त्या वेळी गेला, तर तिघे त्या घाण पाण्यामुळे झालेल्या संसर्गाने नंतर. तेव्हापासून नदी खूप सुधारली आहे, शुद्ध केलेले पाणी सोडतात, पक्षी परत आले आहेत. तरीही माझा सल्ला आहे की मधल्या भागात पाण्यात हातपाय घालू नका, आणि पायाला जखम असेल तर मुळीच नाही. मधुमेह असलेल्यांनी हे दोनदा वाचावे.

साधारण चाळीस मिनिटे झाली होती. भावजी पुढे होते. त्यांची सायकल वाटेवर डावी-उजवी होऊ लागली. मी हाक मारली तर त्यांनी मागे न बघता उत्तर दिले, "मला काही झालं नाही, वहिनी. तुमची नर्सगिरी घरी ठेवा."

भावजी माझ्याशी पन्नास वर्षांत कधी असे बोलले नव्हते. तेवढ्यावरूनच मी ओळखले. मी त्यांना थांबवले, सायकल धरली आणि बाकावर बसवले. हवा गार होती, तरी कपाळ आणि मान घामाने ओली. हात थरथरत होते. भावजी रोज सकाळी इन्सुलिन घेतात. मी विचारले, "सकाळी काय खाल्लंत?" ते म्हणाले, "चहा." बिनसाखरेचा चहा! आम्हाला उशीर नको म्हणून इन्सुलिन टोचले आणि तसेच निघाले. साखर तपासायचे यंत्र घरी राहिलेले.

इथे माझी चूक. ३८ वर्षे मी रुग्णांना औषध देण्याआधी "खाल्लंत का?" विचारत आले. घरच्या माणसाला निघताना विचारले नाही. घरचा माणूस म्हणजे रुग्ण नव्हे, असे आपण धरून चालतो.

पिशवीत संत्र्याच्या रसाचे छोटे खोके होते. ते त्यांना पाजले, अर्ध्या ग्लासाहून थोडे जास्त. घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबले. थरथर कमी झाली, पण घाम होता, म्हणून आणखी तेवढाच रस. पुन्हा पंधरा मिनिटे. मग ते स्वतःच म्हणाले, "वहिनी, मघाशी मी काय बोललो?" त्यानंतर पाव आणि उकडलेले अंडे खाल्ले. पुढे सायकल चालवायची नाही, असे मी बजावले आणि पुतण्याला फोन केला.

गाडीची वाट बघताना भावजी हळूच बोलले. घरी असे आधी दोनदा झाले होते. मुलांना सांगितले नाही, कारण मुले गाडीची किल्ली काढून घेतील आणि दोघांना एकटे राहू देणार नाहीत, अशी भीती. जाऊबाईंनाही सांगितले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या. मी म्हटले, "भावजी, हे लपवलंत तर किल्ली जाईलच, कदाचित तुम्हीही जाल. सांगितलंत तर डॉक्टर डोस बदलेल." रविवारी मी त्यांच्याबरोबर कुपत खोलीमला गेले. डोस खरोखरच कमी झाला. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.

साखर उतरली तर

१. लक्षणे: घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, अंधुक दिसणे, आणि विनाकारण चिडणे किंवा विसंगत बोलणे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी (बीटा ब्लॉकर) धडधड आणि थरथर लपते, घाम मात्र येतो.

२. यंत्र असेल तर तपासा. ७०च्या खाली म्हणजे उपाय हवा. यंत्र नसेल आणि शंका असेल तर साखर द्याच.

३. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा ग्लास फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, गरज असेल तर पुन्हा द्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. बरे वाटल्यावर पाव किंवा जेवण द्या.

४. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर वळवा आणि १०१ला फोन करा.

५. इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या काही जुन्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने तो फारसा नसतो. आपली गोळी कोणती, ते डॉक्टरला विचारून कागदावर लिहून खिशात ठेवा.

तिसरा शुक्रवार: झऱ्यांपाशी

भावजी न्याहारी करून आले. मी विचारायच्या आतच म्हणाले, "दोन भाकऱ्या आणि अंडं, वहिनी. साखर १४२." खिशात यंत्र होते.

तेल अफेकच्या राष्ट्रीय उद्यानात तुर्कांच्या काळचा किल्ला आहे. हेरोद राजाने इथेच अंतिपात्रिस नावाचे शहर वसवले, तेही आपल्या बापाच्या नावाने. झऱ्यांपासून सुमारे सात किलोमीटर नदी स्वच्छ वाहते आणि तिथे पाण्यावर पिवळी कमळे येतात. त्या दिवशी आम्ही तासाभरात जेमतेम सहा किलोमीटर गेलो. तीनदा बसलो. कोणाला घाई नव्हती.

आता तुमच्यासाठी

सुरुवातीआधी डॉक्टरला विचारा. चक्कर येते, नुकताच झटका किंवा अर्धांगवायू झाला आहे, नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी परवानगीशिवाय बसू नये. तोल जात असेल तर तीन चाकी सायकल किंवा क्लबातली उभी सायकल घ्या, त्यात कमीपणा नाही.

सीट: पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त दुखतो. नवशिक्यांनी आधी थोडी खाली ठेवून पाय जमिनीला टेकतील असे करावे आणि धीर आला की वाढवावी. जोर लावून पायडल मारू नका. हलका गिअर ठेवा.

वेग: शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला तर हळू चला. छातीत दुखले, डावा हात किंवा जबडा भरून आला तर थांबा आणि १०१.

पाणी: म्हातारपणी तहान उशिरा कळते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी आणि हृदयाच्या आजारात ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे त्यांनी आधी विचारावे. शारावच्या दिवशी घरीच बसा.

पडणे: हेल्मेट शहरातही घाला. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल आणि डोके आपटले, तर बरे वाटत असले तरी इस्पितळात जा. आतला रक्तस्राव उशिराही दिसतो.

हाडे: सायकलने गुडघा आणि हृदय सुधारते, पण हाडे बळकट होत नाहीत, कारण वजन सीटवर असते. म्हणून रोज थोडे चालणे आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे हेही करा. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला दहा मिनिटांपासून सुरू केले तरी चालेल.

आणि शेवटचे. निघताना बरोबरच्याला विचारा, "खाल्लंत का? गोळी घेतलीत का?" आणि कोणी तुम्हाला विचारले तर खरे सांगा.