‘मस्ट’, ‘शुड’ आणि आपलें ‘पाहिजे’

नियम, कर्तव्य अथवा सल्ला सांगणारीं इंग्रजी सहायक क्रियापदें संख्येनें थोडीं आहेत. परंतु वरच्या वर्गांतील विद्यार्थीहि त्यांच्या ठिकाणीं अडखळतात. रूपांचा भाग प्रथम उरकूं. ‘मस्ट’ व ‘शुड’ यांच्यापुढें ‘टू’ येत नाहीं आणि तृतीयपुरुषी एकवचनींहि त्यांस ‘एस्’ लागत नाहीं. ‘ऑट’ला मात्र ‘टू’ हवाच. खरी अडचण अर्थाची आहे.

‘तूं अभ्यास करावास’ या एका विध्यर्थी रूपांत आज्ञा, कर्तव्य व हितोपदेश हीं तिन्ही सामावतात. बोलणाराच्या स्वरावरून आपण अर्थ ओळखतों. इंग्रजींत शब्दच निवडावा लागतो. ‘यू मस्ट स्टडी’ म्हणणारा आपला अधिकार वा निकड दर्शवितो; ‘यू शुड स्टडी’ म्हणणारा हित सांगून निर्णय ऐकणारावर सोपवितो. ‘यू हॅव टू स्टडी’ यांतील सक्ति बहुधा बाहेरची, नियमाची किंवा परिस्थितीची असते. आपलें ‘करावा लागतो’ येथें नेमकें बसतें. भूतकाळीं सक्ति सांगतांना ‘हॅड टू’ वापरावें. ‘ऑट’ हें मूळचें ‘ओ’, म्हणजे देणें असणें, या क्रियापदाचें भूतकाळी रूप. म्हणून त्यांत ऋण फेडण्याची छटा आहे. आईबापांची सेवा ‘ऑट टू’नें सांगावी, तें शोभतें.

पाहुण्यास ‘यू मस्ट टेस्ट धिस’ म्हटलें तर ती आज्ञा नव्हे, आपल्याकडील आग्रहच होय. उलट ‘यू हॅड बेटर’ हें दिसावयास सौम्य, पण त्यांत ‘नाहींतर पाहा’ अशी धमकी दडलेली असते. वडील माणसांशीं बोलतांना तें टाळलेलें बरें!

सर्वांत घातक चूक नकारांत होते. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’, तेव्हां ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘नको’, असा सरळ हिशेब मुलें करतात. वस्तुतः ‘शनिवारीं यावयास नको’ हें ‘यू नीड नॉट कम’ होय. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे ‘येतां कामा नये’. पहिल्यांत मोकळीक, दुसऱ्यांत मनाई. एखादें औषध बालकांस ‘मस्ट नॉट बी गिव्हन’ असें वेष्टनावर छापलेलें असतां ‘देण्याची गरज नाहीं’ असा अर्थ जो पालक करील, त्याच्या हातून केवढा अनर्थ ओढवेल! शंका आल्यास आधीं मराठींत ‘गरज नाहीं’ आणि ‘कामा नये’ हीं दोन्ही लावून पाहावींत, मग इंग्रजी शब्द घ्यावा.

कायद्याच्या भाषेंत ‘शॅल’ बंधन घालतें, तर ‘मे’ बहुधा अधिकार अथवा मुभा देतें. पण ‘शॅल’ दिसलें म्हणून थांबूं नये, त्यापुढील क्रियापदहि वाचावें. १९५० मध्यें अंमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या कलम ४५ मध्यें मोफत व सक्तीच्या शिक्षणाविषयीं ‘शॅल एंडेव्हर’ असे शब्द होते, म्हणजे राज्यानें प्रयत्न करावा एवढेंच बंधन. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनें कलम २१-क मध्यें ‘शॅल प्रोव्हाइड’ असें आलें आणि सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस शिक्षण हा हक्क झाला. त्याच दुरुस्तीनें या वयाच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधि देण्याचें कर्तव्य कलम ५१-क मध्यें आईबापांवर व पालकांवर घातलें. तेथेंहि आरंभींचा शब्द ‘शॅल’च आहे, ‘शुड’ नव्हे.