संशोधनाचें अनुदान आणि त्याचें दप्तर

आपल्या शेतांत नवें बियाणें येतें तेव्हां तें कोणत्या विद्यापीठाचें, किती दिवसांत तयार होणारें, एकरीं किती उतारा देणारें, इतकें आपण अगत्यानें विचारतों. तें तयार होण्यास पैसा कोणी दिला आणि काम पुरें होईपर्यंत तो कसा टिकविला, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. या अंकांत त्याच बाजूचा थोडा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु सातबाऱ्यावरील एका चुकीच्या नोंदीपायीं ज्यांनीं वर्षानुवर्षें हेलपाटे घातले आहेत, त्यांस कागदाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेतीच्या संशोधनास मिळणारा पैसा ही कोणाची तरी मेहेरबानी आहे, असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९२१ सालीं भारतीय मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली, आणि १९२३ सालच्या कायद्यानें कापसावर उपकर बसवून तिच्या खर्चाची सोय करण्यांत आली. मुंबईस माटुंग्याची कापूस प्रयोगशाळा १९२४ सालीं निघाली ती याच समितीची. समिति १९६६ सालीं मोडली, प्रयोगशाळा मात्र अद्याप उभी आहे. पुढें लिनलिथगो कमिशनच्या शिफारशीवरून १९२९ सालीं आजच्या भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची स्थापना झाली, आणि १९४० सालच्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या ठराविक शेतमालावर शेंकडा अर्धा रुपया उपकर घेऊन तो परिषदेच्या कामीं लावण्याची तजवीज झाली. हा उपकर २००६ सालीं रद्द झाला. आतां मुख्य भिस्त अंदाजपत्रकांतील तरतुदीवर व योजनावार मिळणाऱ्या अनुदानावर आहे. म्हणजे पैसा पूर्वींही आपलाच होता व आजही आपलाच आहे. फक्त तो मागून आणावा लागतो.

मागण्याचीं दारें अनेक आहेत. परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित योजना १९५७ सालीं मक्याच्या पिकापासून सुरू झाल्या. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील आपल्या चारही विद्यापीठांत त्या चालतात. त्यांत सामान्यतः शेंकडा पंचाहत्तर भार परिषद उचलते व उरलेला चौथा हिस्सा राज्यानें द्यावयाचा असतो. हा चौथा हिस्सा अडला तर पंचाहत्तरांचीही घडी विसकटते. याशिवाय केंद्राचीं विज्ञान व जैवतंत्रज्ञान खातीं आहेत. २०२३ सालच्या कायद्यानें झालेलें अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. २००७ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय कृषि विकास योजना आहे, जिचे प्रस्ताव राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें मंजुरीस जातात. प्रत्येक दाराची चौकट निराळी, अर्जाचा नमुना निराळा, मुदत निराळी. ज्या शास्त्रज्ञानें तुरीवरील मर रोग ओळखावयाचा, त्यानेंच हे सर्व नमुने पाठ करावे अशी अपेक्षा ठेवणें म्हणजे नांगराच्या बैलाकडून घाणाही ओढवून घेण्यासारखें आहे.

याकरितां विद्यापीठांत संशोधन संचालकांच्या हाताखालीं प्रकल्पांचें काम पाहणारी शाखा असावी लागते, व लेख्यांसाठीं नियंत्रकांची कचेरी असते. या शाखेचें पहिलें काम अर्ज जाण्यापूर्वीचें. कोणत्या खात्यानें प्रस्ताव मागविले आहेत हें शास्त्रज्ञांस वेळेवर कळविणें, अर्जास संस्थाप्रमुखांची शिफारस जोडणें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे खर्चाचा अंदाज तपासून पाहणें. शास्त्रज्ञ अंदाज करितो तेव्हां त्याचें लक्ष यंत्राकडे व रसायनांकडे असतें. दोन खुरपण्यांची मजुरी, विहिरीवरील पंपाचें वीजबिल, राखणदाराचा पगार हीं बारीक कलमें त्याच्या नजरेंतून सुटतात. एकदां मंजुरी आली कीं आवर्ती खर्चाची रक्कम आवर्तीस व यंत्रसामग्रीची यंत्रसामग्रीस. देणाऱ्याच्या संमतीवांचून एका शीर्षाखालचा पैसा दुसऱ्याखालीं नेतां येत नाहीं. कोठारांत नवें यंत्र आणि शेतांत कमरेएवढें तण, असा देखावा आम्हीं स्वतः पाहिला आहे. अंदाज करितांना जवळ एखादा जाणता लेखापाल असता तर तो देखावा टळला असता.

परंतु अनुदान मिळविण्यापेक्षां तें राखणें अधिक कठीण. तें हप्त्यांनीं येतें. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणें आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आंत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावें लागतें; म्हणजे पैसा ज्या कामास दिला त्याच कामास लागला असा दाखला. मुदत वर्षाची दिसली तरी पुढचा हप्ता या दाखल्यावर अडून असतो, तेव्हां जो वर्षभर थांबेल त्याचें पीकही थांबेल. बँकेंत पडून राहिलेल्या रकमेवर व्याज आलें तर तें सरकारी खजिन्यांत भरावें लागतें. अनुदानांतून घेतलेली वस्तु नोंदवहींत चढवावी लागते व परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. हे नियम जाचक आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. आमची सारी हयात महसुली खात्याच्या कारकुनींत गेली; जेथें वही नाहीं तेथें पैसा कोणत्या वाटेनें जातो हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे.

खरी अडचण निराळीच आहे. सरकारचें वर्ष ३१ मार्चला संपतें, पिकाचें वर्ष संपत नाहीं. रब्बी ज्वारीची मळणी ऐन मार्चांत. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टांत लावला तर दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत उभा, आणि खोडव्याची नोंद घ्यावयाची म्हटलें तर तिसरें आर्थिक वर्ष उजाडतें. फळझाडांची तर गोष्टच नको. वेंगुर्ल्याच्या केंद्रानें नीलम व हापूस यांच्या संकरापासून 'रत्ना' आंबा १९८१ सालीं दिला, आणि त्याच रत्नाचा हापुसाशीं पुन्हां संकर करून 'सिंधु' १९९२ सालीं दिला. मध्यें अकरा वर्षें गेलीं. तीन वर्षांच्या अनुदानावर अशीं कामें तडीस जात नाहींत. एक अनुदान संपण्यापूर्वीं दुसऱ्याची जुळणी व्हावी लागते, आणि ती तारीख डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस कचेरींत बसलेला असावा लागतो.

असा माणूस नसला म्हणजे काय होतें तें सांगतों. आमच्या भागांतील एका संशोधन केंद्रावर तुरीच्या कांहीं वाणांची मर रोगाच्या दृष्टीनें चाचणी चालू होती. आम्ही दर हिवाळ्यांत तेथें जात असूं, कारण आमच्या स्वतःच्या तुरीचा तिसरा हिस्सा दर सालीं उभ्याउभ्या वाळून जातो. पहिलीं दोन वर्षें तोंडभर आशा वाटावी असे प्लॉट होते. तिसऱ्या वर्षीं गेलों तों केंद्रावर शुकशुकाट! चौकशी करितां कळलें कीं उपयोगिता प्रमाणपत्रांतील आंकडा व लेखापरीक्षकांच्या पत्रकांतील आंकडा यांत फरक पडला. फरक कसला, तर बँकेच्या व्याजाचा. तो एकानें धरला होता, दुसऱ्यानें नाहीं. कागद परत आला, तो टेबलावर राहिला, ज्या कारकुनाकडे काम होतें त्याची बदली झाली, आणि जागा रिकामी राहिली. हप्ता अडला. कंत्राटी सहायकांस चार महिने पगार नाहीं, ते गेले. शेंगा तडकूं लागल्या तेव्हां उरलेल्या एका मजुरानें सगळे प्लॉट कापून एकाच खळ्यावर एकच ढीग घातला. कोणत्या वाणाचें किती वजन, हें मग ब्रह्मदेवासही सांगतां आलें नसतें. वाणाची शिफारस करण्यास सामान्यतः तीन वर्षांचे आंकडे लागतात. हातीं राहिले दोन वर्षांचे.

त्या शास्त्रज्ञास आम्ही दोष देत नाहीं. त्या कारकुनासही पुरता देववत नाहीं. एका माणसाच्या अंगावर किती प्रकल्पांचे लेखे घालावे यास कांहीं मर्यादा आहे. दोष व्यवस्थेचा आहे. विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली तर वर्तमानपत्रांत येतें. लेखापालाची राहिली तर कोणाच्या खिजगणतींतही नसतें. वास्तविक प्रकल्पांचे लेखे ठेवणाऱ्यांस त्या कामाचें शिक्षण देऊन प्रकल्प पुरा होईपर्यंत तरी एके ठिकाणीं ठेवावें, बदली झालीच तर दप्तराचा पुरता ताबा दिल्याशिवाय त्यांस सोडूं नये, आणि हप्ता लांबला तर मजुरीपुरती रक्कम विद्यापीठानें आपल्या निधींतून उसनी द्यावी, इतकें झालें तरी पुष्कळ होईल. यास फार मोठा खर्चही नाहीं. पीक उभें असतांना सावकाराकडून चार दिवसांचे पैसे आपण आणितोंच कीं नाहीं?

विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असतात. मेळाव्यांत व शिवार फेरींत आपण बियाणें व औषधें यांबद्दल प्रश्न विचारतों, तसेंच या प्रतिनिधींस विचारावें कीं यंदा किती प्रकल्पांचीं उपयोगिता प्रमाणपत्रें जावयाचीं राहिलीं, किती रक्कम न खर्चतां परत गेली, आणि लेखाशाखेंतील किती जागा रिकाम्या आहेत. उत्तर लेखी मागावें. तोंडी उत्तराची नोंद कोठेंच होत नाहीं.

वर सांगितलेल्या केंद्रावर तुरीची ती चाचणी यंदा पुन्हां पहिल्या वर्षापासून धरली आहे. पेरणी वेळेवर झाली, उगवण चांगली आहे. हप्ता आला काय असें आम्हीं विचारिलें, तेव्हां शास्त्रज्ञांनीं मंजुरीचें पत्र दाखविलें. रक्कम अद्याप जमा व्हावयाची होती. प्रत्येक प्लॉटला या खेपेस क्रमांकाची पाटी लाविली आहे, ती त्यांनीं स्वतःच्या पैशानें.