दोन धांवांचें अंतर

क्रिकेटमध्यें पहिल्या डावाच्या आघाडीस काय किंमत असते, हें समजून घेण्यास १९९१ सालच्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं. तो ३ ते ७ मे या पांच दिवसांत वानखेडे मैदानावर मुंबई व हरियाणा यांच्यामध्यें झाला. मुंबईचे कर्णधार संजय मांजरेकर होते, हरियाणाचे कपिल देव. गिरगांव-दादरकडील पुष्कळ पालकांस तो अद्याप आठवत असेल. त्यांस विचारावें, म्हणजे आमच्याहून अधिक सांगतील!

हरियाणानें पहिल्या डावांत ५२२ धांवा केल्या. त्यांत दीपक शर्मा यांच्या १९९. द्विशतकास एकच उणी. मुंबईचा डाव ४१० धांवांत आटोपला. म्हणजे हरियाणास ११२ धांवांची आघाडी मिळाली. नियम असा कीं, अंतिम सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांत ज्याची आघाडी, करंडक त्याचा. तेव्हां हरियाणास केवळ वेळ निभावून नेली तरी पुरें होतें. मुंबईस मात्र जिंकण्यावांचून गत्यंतर नव्हतें. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत बरोबरी झाली कीं डाव वाढवीत नेतात. १ मे १९२० रोजीं बोस्टन येथें असे २६ डाव झाले, आणि अखेर अंधार पडल्यामुळें सामना १-१ असाच थांबवावा लागला. वानखेडेवर तसें होणें शक्य नव्हतें. तेथें थांबणें म्हणजेच हरणें.

दुसऱ्या डावांत हरियाणाच्या २४२ धांवा झाल्या. ११२ आणि २४२ मिळून ३५४. म्हणून शेवटच्या दिवशीं मुंबईस ३५५ हव्या होत्या. प्रारंभ फारच वाईट झाला. ३४ धांवांत तीन गडी बाद! त्या वेळीं दिलीप वेंगसरकर व सचिन तेंडुलकर यांची जोडी जमली. एक पस्तीस वर्षांचे, दादरच्या किंग जॉर्ज शाळेंत शिकलेले. दुसरा नुकतीं अठरा वर्षें पूर्ण केलेला, दादरच्याच शारदाश्रमाचा विद्यार्थी. दोघांनीं १३४ धांवांची भर घातली. तेंडुलकरांनीं ७५ चेंडूंत ९६ धांवा काढल्या व त्यांत पांच षट्कार मारले. ते बाद झाल्यावर शारदाश्रमांतीलच त्यांचे सोबती विनोद कांबळी यांनीं ४५ केल्या. पुढें मात्र एकामागून एक गडी परतूं लागले.

३०५ धांवांवर नववा गडी पडला. अद्याप ५० हव्या, आणि आंत येणारा शेवटचा गडी म्हणजे त्याच हंगामांत प्रथम खेळूं लागलेला गोलंदाज अबी कुरुविला. जाणत्या प्रेक्षकांनींहि त्या क्षणीं आशा सोडली असती, तर आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. वेंगसरकरांच्या पायांत गोळे आले होते, म्हणून त्यांच्यासाठीं लालचंद राजपूत धांवत होते. खेळपट्टीवर मुंबईचे तीन गडी, त्यांपैकीं फटका मारूं शकणारा एक, आणि त्यास धांवतां येत नाहीं, असा तो प्रसंग! तरीहि या जोडीनें ४७ धांवा जमविल्या. ३५२ झाल्या. एका चौकाराचेंच काम उरलें होतें.

इतक्यांत कुरुविला धांवबाद झाले. हरियाणा दोन धांवांनीं जिंकला. त्या संघास रणजी करंडक मिळाल्याचा हा एकमेव प्रसंग आहे. मुंबईनें तो १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षें जिंकला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कपिल देव यांच्या संघाच्या आनंदाची कल्पना येईल.

वेंगसरकर यांस त्या वेळीं अश्रू आवरले नाहींत. कसोटी सामन्यांत सतरा शतकें केलेला हा फलंदाज सर्वांच्या देखत रडला. धांवफलकावर त्यांच्या नांवापुढें १३९, नाबाद, अशी नोंद आहे.