सत्कार कुणाचा, कशासाठी?

एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी पुरस्कारांच्या निवड समितीवर मी काही वर्षं काम केलं. मी मूळचा मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथडचा. खंडवा–अकोला मीटरगेजच्या गाडीत बसून शिकायला बाहेर पडलेल्यांपैकी. त्यामुळे यादीत कुणाचं नाव येतं आणि कुणाचं राहून जातं, याकडे माझं आपसूक लक्ष जायचं. त्यातून उमगलेलं सांगतो.

१. अर्जांची वाट पाहू नका. शहरातला माणूस बायोडेटा छापून पाठवतो. आडगावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तेवढी सवडच नसते. निवृत्त प्राध्यापक, ऑफिसातले जुने कारकून यांना विचारा. कोण कुठे काय करतंय, हे त्यांना ठाऊक असतं.

२. निकष आधी लिहा, नावं मागाहून काढा. नाव आधी आलं की निकष त्याच्या मापाने शिवले जातात.

३. देणगी आणि गौरव वेगळे ठेवा. नंदन नीलेकणींना आयआयटी मुंबईने १९९९ साली विशेष माजी विद्यार्थी म्हणून गौरवलं. त्यांची ३१५ कोटींची देणगी जाहीर झाली २०२३ मध्ये. पैशांवर डोळा ठेवून शाल दिली, की पुढच्या वर्षी खरा मानकरी यायला कचरतो.

४. माणसाला त्याच्या पदवीत कोंडू नका. मनोहर पर्रीकर १९७८ साली आयआयटी मुंबईतून मेटलर्जीचे इंजिनियर झाले. २००१ साली त्याच संस्थेने त्यांचा गौरव केला, तेव्हा ते गोव्याचे मुख्यमंत्री होते. मग शेतीत, शाळेत, पंचायतीत रमलेला पदवीधरही यादीत हवाच.

५. तारीख पक्की हवी. पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ची. तिथे वर्धापनदिनाला जीवनसाधना गौरव पुरस्कार दिले जातात. पाहुण्यांच्या सोयीने तारीख पुढे ढकलली की परीक्षा तोंडावर येतात आणि सभागृहात खुर्च्याच उरतात.

६. भाषणं आवरा, प्रश्नांना वेळ द्या. आमच्याकडे कित्येक मुलं घरी कोरकू, बाजारात मराठी नाहीतर निमाडी आणि शाळेत हिंदी बोलतात. त्यांना विचारायचं असतं : पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तक कसं वाचलंत? खोलीचं भाडं कुठून भरलंत? घरच्यांना कसं पटवलंत? मानकरी अशा वेळी मोकळेपणाने बोलतात, आणि मुलांच्या लक्षात राहतं ते हेच.

शालीने मानकऱ्याच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. समोर बसलेल्या एखाद्या मुलीच्या आयुष्यात मात्र पडू शकतो. बुऱ्हाणपूर, खकनार, तुकईथडच्या शाळा-कॉलेजांनी त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहू नये. यंदा एक नाव शोधा, तारीख ठरवा आणि त्या माणसाला बोलवा.