अभ्यासात मन का लागत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार दरवर्षी येते. शहरात शिकायला ठेवलेला मुलगा किंवा मुलगी घरी आलेली असते. सोबत आई असते आणि बोलतेही आईच. "डॉक्टरसाहेब, बारावीपर्यंत किती हुशार होता हो! आता पुस्तकाला हात लावत नाही. एखादे चांगले टॉनिक लिहून द्या."

टॉनिक लिहून देणे सोपे असते. पेशंट खूश आणि औषधवालाही खूश. पण अभ्यासाची इच्छा बाटलीत भरून मिळत नाही. मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो आणि मुलाला विचारतो, रात्री झोपतोस किती वाजता? सकाळी काय खातोस? किती विषय मागे राहिले आहेत? आणि ही शाखा कोणी निवडली?

झोपेचे उत्तर बहुधा "दोन-अडीच" असे येते. या वयात शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकलेले असते, झोप उशिराच येते. त्यात हातात मोबाईल आणि खोलीत चार मित्र. सकाळी आठचे लेक्चर मात्र चुकत नाही, म्हणजे झोप होते पाच तास. या वयाला सात ते नऊ तास लागतात. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. म्हणून झोप तोडून वाचणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. रात्री दहाला घेतलेल्या कडक कॉफीतील निम्मे कॅफीन पहाटे तीनच्या सुमारासही रक्तात असते, हेही लक्षात ठेवावे.

मुलींच्या बाबतीत मी आधी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहतो. मेसचे जेवण आवडत नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढायचे आणि त्यात पाळीत रक्त जास्त जाते. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि नऊ-दहावर आलेल्या मुलीला जिना चढताना धाप लागते. मग तिला पुस्तकात लक्ष कसे लागणार? घरचे म्हणतात आळशी झाली. पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, त्यावर लिंबू पिळून खावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. रक्त बरेच कमी असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही, लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्या चालू असताना शौचाला काळसर होते, त्याने घाबरू नये. शुद्ध शाकाहारी मुलांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. थकव्याबरोबर वजन वाढणे, थंडी सहन न होणे असे असेल तर थायरॉईडचीही तपासणी करावी.

आता तिसरा प्रश्न, आणि खरी गोम इथेच असते. रिपोर्ट सगळे चांगले येतात, तरी मुलगा अभ्यासाला बसत नाही. अशा मुलाला आळशी म्हणणे मला पटत नाही. तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, एटीकेटीवर पुढे गेला, आता जुने आणि नवे मिळून ढीग समोर आहे. पुस्तक उघडले की छातीत धस्स होते. पुस्तक मिटून मोबाईल घेतला की बरे वाटते. पण ते बरे वाटणेच घात करते, कारण उद्या ढीग आणखी वाढलेला असतो आणि भीतीही. मुले म्हणतात, "काका, मूड आला की बसतो." मूड आधी आणि काम नंतर, असा क्रम फारच क्वचित असतो. काम थोडे सुरू झाले की मागाहून इच्छा येते. मनाच्या उदासीवरील उपचारातही हेच तत्त्व वापरतात.

म्हणून मी वीस मिनिटांचे औषध देतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत. अख्खा धडा घ्यायचा नाही, एक आकृती किंवा एकच गणित. वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहायचे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर पाहिले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. शिवाय कागदावर काही उमटले की "मला येते" असे वाटते, आणि उद्या बसायला तेवढे पुरते.

चौथा प्रश्न विचारला की बरीच मुले खाली बघतात. शाखा मामांनी निवडली, किंवा शेजारच्या मुलाला त्यात नोकरी लागली म्हणून घेतली. पालक मग आमिष दाखवतात, पहिला वर्ग आण, मोटारसायकल घेतो. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले. पैसे बंद होताच त्यांचे रिकाम्या वेळात कोडी सोडवणे आधीपेक्षा कमी झाले. मोटारसायकल द्यायची तर द्या, पण तिचा निकालाशी संबंध जोडू नका. त्यापेक्षा या विषयातले तुला काय बरे वाटते, एवढे विचारा. काहीच बरे वाटत नसेल तर शाखा बदलण्याचा विचार पहिल्या वर्षी करणे तिसऱ्या वर्षापेक्षा स्वस्त पडते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. अभ्यासच नव्हे, क्रिकेट, सिनेमा, मित्र, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, "माझा काही उपयोग नाही" असे बोलतो, आणि हे दोन आठवडे रोज चालले आहे, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे उपदेश नको, डॉक्टर हवा. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही, उलट मुलाला ओझे उतरल्यासारखे वाटते. उत्तर "हो" आले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि शेतात फवारायचे औषध घरात असेल तर ते आधी कुलपात ठेवा. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.