सामाईक अंगण आणि पाण्याची वाट

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत कमानिया गेट उभे आहे. 1939 साली भरलेल्या त्रिपुरी काँग्रेसचे ते स्मारक होय. तेथून जवळच हनुमानताल आहे. गोंड राजवटीपासून हे नगर तलावांसाठी प्रसिद्ध होते. राणीताल राणी दुर्गावतीने, चेरीताल तिच्या दासीने, तर आधारताल मंत्री आधारसिंहाने बांधविला, असे परंपरा सांगते. राणी, मंत्री व दासी या तिघांचीही नावे पाण्याशी जोडली गेली. कारण तलाव ही एका घराची मालमत्ता नसून सर्व वस्तीची ठेव असे. पुढे अनेक तलाव बुजले आणि त्यांवर घरे उठली. चेरीताल हे आता मुख्यतः एका वस्तीचे नाव उरले आहे.

घर, सामाईक जागा आणि पाणी यांचे हे तुटलेले नाते नव्या वसाहतीत पुन्हा जोडता येईल काय? तसा एक प्रयत्न नवी मुंबईत बेलापूर येथे झाला. 1983 ते 1986 या काळात वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी सुमारे 550 कुटुंबांची वसाहत तेथे रचली. सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांबीरुंदीचे एक अंगण. अशा तीन समूहांना, म्हणजे 21 घरांना मिळून, बारा मीटरांचे मोठे अंगण. आणि याच क्रमाने पुढे सर्व वसाहतीची मोकळी जागा. जमिनीतून वाहणारा ओढा बुजविण्यात आला नाही. उलट ही मोकळी जागा त्याच्याच काठी ठेवण्यात आली. पावसाचे पाणी त्यामुळे आपल्या वाटेने जाऊ शकते.

निरनिराळ्या उत्पन्नाच्या कुटुंबांना येथे जवळजवळ सारखीच जमीन मिळाली: किमान 45, कमाल 75 चौरस मीटर. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नसल्याने प्रत्येकाला आपले घर ऐपतीप्रमाणे व चालीरीतींप्रमाणे वाढविता येत होते. पापड वाळत घालावयाचे असोत, लग्नाचा मांडव असो की कोणाचा सण असो, अंगण मात्र सर्वांचे.

पुढे अनेकांनी मूळची बैठी घरे पाडून मोठी इमारत उभी केली. यात योजनेचा पराभव मानण्याचे कारण नाही, कारण घर बदलण्याची मुभा मुळातच होती. खरी कसोटी वेगळी आहे. घराची काळजी मालक घेतोच. अंगणाची व ओढ्याची काळजी मात्र सर्वांनी मिळून घ्यावी लागते. ती कोणीच घेतली नाही तर काय होते, हे जबलपूरचे बुजलेले तलाव सांगतात.